चारचौघांत बोलताना

(महाविद्यालयीन मुलींच्या गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

या सत्राचं नाव तुम्ही फळ्यावर 'मुलींमध्ये सभाधीटपणा कसा आणावा?' असं लिहिलं आहे. मघापासून मी ते वाचते आहे, आणि मला तो 'आणावा' शब्द खटकतो आहे. धीटपणा कुठून तरी आणायचा आणि मुलीत भरायचा, जणू ती रिकामा डबाच आहे! मी स्वतः कितीतरी वर्षं असंच समजत होते. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, मुलींना स्पर्धांना नेते, भाषणं बसवून घेते. एखादी मुलगी स्टेजवर अडखळली की मी म्हणायचे, 'हिच्यात आत्मविश्वास नाही.' तो कुणी काढून घेतला, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

एक प्रसंग सांगते. प्रथम वर्षाच्या वर्गात प्रत्येकीने पाच मिनिटं एका विषयावर बोलायचं होतं, दहा गुणांसाठी. एका मुलीने गावातल्या टँकरबद्दल बोलायचं ठरवलं होतं. कागदावर तिने फार छान लिहिलं होतं. उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात 'पानी' म्हणाली. मागच्या बाकांवरून खसखस पिकली. दुसऱ्या वाक्यात परत 'पानी' आलं, परत हसू. तिसरं वाक्य आलंच नाही. हात थरथरत होते, कागद वाजत होता. मी काय केलं? 'शांत राहा' असं वर्गाला एकदा म्हटलं आणि तिला म्हटलं, 'मोठ्याने बोल, घाबरू नकोस.' मग वहीत तिच्या नावापुढे दहापैकी तीन लिहिले. हसणाऱ्यांचे गुण मात्र मी कापले नाहीत. ती मुलगी पुढची तीन वर्षं वर्गात एकदाही बोलली नाही. ते तीन गुण तिचे नव्हते. त्या दिवशीच्या वर्गाचे होते, आणि माझेही होते.

आता संशोधन काय सांगतं ते पाहू. 'संशोधन' म्हटलं की आपल्यातल्या काहीजणी वही बंद करतात, तसं करू नका. हे सगळं आपल्या रोजच्या कामातलं आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या भाषणभीतीचे अभ्यास गेली कित्येक दशकं चालू आहेत, आणि त्यातले बरेचसे अमेरिकेत झाले. त्याचं कारण साधं आहे. तिथल्या अनेक कॉलेजांत भाषण करायला शिकवणारा विषयच सक्तीचा असतो. त्यामुळे घाबरलेले विद्यार्थी प्राध्यापकांच्या हाताशी आयतेच असतात! इलिनॉय विद्यापीठात गॉर्डन पॉल या मानसशास्त्रज्ञाने अशाच विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. तो १९६६ साली पुस्तकरूपाने आला. काही विद्यार्थ्यांना त्याने अंग सैल सोडायला शिकवलं, आणि मग भाषणाचे प्रसंग सोप्याकडून अवघडाकडे असे पायरीपायरीने मनात आणायला सांगितले. काहींशी भीतीच्या मुळाबद्दल चर्चा केली. काहींना नुसतं लक्ष आणि औषध म्हणून साधी गोळी दिली. सर्वांत जास्त फरक पायऱ्या चढणाऱ्यांमध्ये पडला. म्हणजे ही भीती कमी होते, हे साठ वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

पुढे १९७० पासून जेम्स मॅक्क्रॉस्की या संवादशास्त्राच्या अभ्यासकाने ही भीती मोजायच्या प्रश्नावल्या तयार केल्या. त्यातली चोवीस विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याने बोलण्याचे चार प्रसंग वेगळे केले: दोघांतलं बोलणं, छोट्या गटातली चर्चा, बैठक आणि जाहीर भाषण. आपल्याला हे अनुभवाने माहीतच आहे. बोअरिंगवर तासभर बोलणारी, बसस्टँडवर कंडक्टरशी भांडणारी मुलगी हॉलमध्ये माइकसमोर गप्प होते. मग ती 'लाजाळू' आहे का? तोंड तेच, मुलगी तीच. बदललं काय, तर समोरची माणसं.

पण याच मॅक्क्रॉस्कीने पुढे १९९८ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर अशी मांडणी केली, की ही भीती मुख्यतः जन्मजात स्वभावातून येते. हेही तुमच्यापुढे ठेवलं पाहिजे. आपल्याला न आवडणारा निष्कर्ष लपवून चळवळ पुढे जात नाही. काही माणसं उपजत जास्त हळवी असतात, हे मला मान्य आहे. चार मुलांच्या आईला विचारा, तीही हेच सांगेल. पण स्वभाव जन्मजात धरला तरी एक प्रश्न उरतो. एकाच स्वभावाचं माणूस एका खोलीत बोलतं आणि दुसऱ्या खोलीत गोठतं, ते का?

त्याआधी एक गैरसमज दूर करू. 'लोकांना मरणापेक्षा भाषणाची भीती जास्त वाटते,' हे वाक्य प्रत्येक व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात ऐकवलं जातं. अमेरिकेतल्या १९७३ च्या एका पाहणीवरून ते पसरलं. २०१२ मध्ये कॅरन ड्वायर आणि मार्लिना डेव्हिडसन या दोघींनी आठशेपेक्षा जास्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पुन्हा विचारलं. भीतीच्या यादीत भाषणावर सर्वांत जास्त जणांनी खूण केली, हे खरं. पण 'यातली सर्वांत मोठी भीती कोणती?' असं विचारल्यावर मरणच वर आलं. तेव्हा मुलींना घाबरवायला ते वाक्य वापरू नका. भाषणाची भीती सर्वांत मोठी नाही, सर्वांत पसरलेली आहे. ब्राझीलमधल्या १,१३५ पदवी विद्यार्थ्यांच्या पाहणीत (२०१७) जवळजवळ चौसष्ट टक्क्यांनी ही भीती असल्याचं सांगितलं. मुलींमध्ये ती जास्त होती. ज्यांना बोलायची संधी क्वचित मिळाली होती त्यांच्यातही जास्त होती. आणि ज्यांना आपला आवाज फार बारीक किंवा फार हळू आहे असं वाटत होतं, त्यांच्यातही जास्त होती. याच पाहणीत सुमारे नव्वद टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं, की आम्हाला बोलायला शिकवणारा वर्ग हवा आहे. म्हणजे इच्छा आहे, जागा नाही.

आवाज बारीक असल्याचा हा मुद्दा ऐकताना मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८९ मध्ये मुंबईत सामाजिक परिषद भरली होती, तेव्हाची आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा आवाज मागपर्यंत पोचेना. त्यावर त्यांनी त्या सभेतल्या पुरुषांना सुनावलं, की माझा आवाज लहान आहे यात नवल नाही, बाईचा आवाज मोठा व्हायची संधी तुम्ही कधी दिलीत? सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला. आम्ही प्राध्यापिका मात्र अजून 'मोठ्याने बोल' एवढंच म्हणतो.

आता मी ज्या अभ्यासांसाठी आज आले, त्यांच्याकडे वळते.

जर्मनीत ट्रिअर नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात १९९३ मध्ये माणसावर ताण आणायची एक प्रमाणित पद्धत तयार झाली. ती आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. माणसाला ताण यावा म्हणून त्यांनी काय निवडलं असेल? विजेचा धक्का? उपासमार? नाही. भाषण! परीक्षकांसमोर उभं राहून पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं, मी या नोकरीला कसा लायक आहे ते पटवायचं, आणि मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. समोर कॅमेरा आणि माइक असतो. परीक्षकांनी चेहरा कोरा ठेवायचा, मान हलवायची नाही, हसायचं नाही, असा नियमच असतो. यानंतर तपासलं तर शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं द्रव्य, बहुतेकांमध्ये चढलेलं दिसतं.

याची दुसरी बाजू २०१३ मध्ये बोखुम इथल्या संशोधकांनी दाखवली. त्यांनी परीक्षक बसवले, बोलायला लावलं, पण चेहरे बदलले. हे परीक्षक हसत होते, मान डोलवत होते, बोलणाऱ्याशी गप्पा मारल्यासारखे वागत होते. तेव्हा कॉर्टिसॉल चढलं नाही. बायकांमध्येही नाही आणि पुरुषांमध्येही नाही.

यावर जरा थांबून विचार करा. समोरच्या दोघातिघांनी मान हलवली की नाही, याचा हिशोब बोलणारीच्या रक्तात उतरतो. आपण मुलीला सांगतो, 'भीती तुझ्या मनात आहे, ती काढून टाक.' अगं, ती तर समोरच्या खुर्च्यांवर बसलेली असते!

दुसरा अभ्यास इटलीतला आहे. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचशेहून जास्त पदवी विद्यार्थ्यांना सांगितलं गेलं, की दिलेली उदाहरणं सोडवून तोंडी समजावलीत तर परीक्षेत दोन गुण जास्त मिळतील. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले. काहींनी फक्त प्राध्यापकासमोर सांगायचं, आणि काहींनी शंभर किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या भरल्या वर्गापुढे. फक्त प्राध्यापकासमोर बोलायला मुली मुलांपेक्षा जास्त तयार होत्या. भरल्या वर्गापुढे मात्र त्या बऱ्याच कमी तयार झाल्या. दोन गुण सोडून दिले त्यांनी! संशोधकांनी तपासलं, की हुशारी कमी आहे का, आत्मविश्वास कमी आहे का, स्वतःबद्दलचं मत कमी आहे का. या कशानेही फरकाचा उलगडा होईना. आपण ज्याला 'आत्मविश्वासाचा अभाव' म्हणतो ते इथे कारण म्हणून टिकलंच नाही. बक्षीस वाढवलं तर, तयारीला जास्त वेळ दिला तर, असंही त्यांनी वेगळ्या पाहणीत विचारलं. त्यानेही अंतर मिटेना. एका गोष्टीने मात्र ते पुष्कळ कमी झालेलं दिसलं. ज्या मुलींच्या आया नोकरी करत होत्या, त्या मुली भरल्या वर्गापुढे बोलायला कमी कचरत होत्या.

तिसरा प्रयोग स्वित्झर्लंडमधला, २०१३ चा. विद्यापीठातल्या मुलामुलींना संगणकाने निर्माण केलेल्या आभासी सभागृहात भाषण करायचं होतं. विषय होता विद्यार्थ्यांवरची फीवाढ. समोरच्या भिंतीवर कधी बिल क्लिंटन यांचं चित्र होतं, कधी हिलरी क्लिंटन यांचं, कधी अँगेला मर्केल यांचं, तर कधी भिंत कोरी होती. भिंत कोरी असली किंवा पुरुषाचं चित्र असलं तर मुली मुलांपेक्षा कमी वेळ बोलल्या. बाईचं चित्र असलं तर हे अंतर उरलं नाही. एका छोट्या प्रयोगावर फार मोठं घर बांधू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगते. पण आपल्या कॉलेजांच्या सभागृहांतल्या तसबिरी एकदा मोजून पाहा. किती जणी आहेत तिथे?

मैत्रिणींनो, या तिन्ही अभ्यासांत मुलगी बदललेली नाही. बदललं ते तिच्यासमोरचं काही तरी. ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलले, त्यांची संख्या बदलली, भिंतीवरचं चित्र बदललं. मला आज एवढंच सांगायचं आहे, की सभाधीट व्हायची सगळी जबाबदारी मुलीवर टाकू नका. सभेलाही थोडं शिकवा.

इथे कुणी म्हणेल, की ही तर स्पर्धा-बक्षिसांची गोष्ट झाली, आपल्यापुढे याहून मोठे प्रश्न आहेत. म्हणून दुसरा प्रसंग सांगते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे आमच्याकडे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे. मी तिच्यावर होते. तक्रारीचा मजकूर उघड करायला कायद्याने मनाई आहे, आणि तशीही मी तो सांगणार नाही. फक्त खोली कशी होती ते सांगते. लांबलचक टेबल, पलीकडे आम्ही पाचजण, अलीकडे एकच खुर्ची. पंख्याचा मोठा आवाज. आमच्यातले एकजण लिहून घेत होते, मान वर न करता. बाकीचे 'निःपक्षपाती' दिसायचं म्हणून चेहरा कोरा ठेवून बसलो होतो. विद्यार्थिनी आत आली आणि बोलू लागली. कुणीतरी म्हणालं, 'ऐकू येत नाही, मोठ्याने बोल.' ती परत पहिल्यापासून सुरू झाली आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, 'काही नाही मॅडम, राहू द्या.' आणि उठून गेली.

ट्रिअरच्या प्रयोगाबद्दल वाचताना मला ती खोली दिसली. कोरे चेहरे, पुन्हा पहिल्यापासून. माणसावर ताण आणण्यासाठी शास्त्रज्ञांनी जी खोली मुद्दाम उभारली, ती आम्ही नकळत उभारली होती. आणि तीही कुणासाठी? जिला आधीच कुणीतरी गप्प केलं होतं, तिच्यासाठी. त्या दिवशी आम्ही 'तक्रारदार बोलण्यास अनुत्सुक' असं लिहून कागद मिटला असता तर तेही नियमात बसलं असतं. सुदैवाने समितीवर बाहेरून आलेली कार्यकर्ती होती, तुमच्यासारखीच. तिने हट्ट धरला. दुसऱ्यांदा आम्ही टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या गोल मांडल्या, पंखा बंद केला. त्या ताई तिच्या शेजारी बसल्या. 'तुला जमेल तेवढं लिहून आणलंस तरी चालेल,' असं आधी सांगितलं. ती लिहून घेऊन आली, आणि कागद हातात धरून, तो न वाचता, बराच वेळ बोलली. आवाज तेवढाच बारीक होता. पण आम्हाला सगळं ऐकू आलं. लेखी तक्रार करायला अडचण असेल तर मदत केलीच पाहिजे, असं हा कायदा सांगतो. खुर्च्या कशा मांडायच्या हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. ते आपल्याला बघावं लागेल.

भीतीचं आणखी एक मूळ सभागृहाच्याही बाहेर असतं. रमाबाई रानड्यांच्या १९१० मध्ये आलेल्या आठवणी आपल्यातल्या अनेकींनी वाचल्या असतील. पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत त्यांनी साहेबापुढे इंग्रजीत वाचून दाखवलं. सभेत सगळं नीट पार पडलं. किंमत मोजावी लागली ती घरी परत आल्यावर, घरातल्याच मोठ्या बायकांच्या टोमण्यांनी. आजच्या मुलीचंही वेगळं नाही. तिला भाषण झाल्यावर काय होईल याची धास्ती असते. आता तर प्रत्येक हातात मोबाइल आहे. अडखळलेला एक क्षण कुणी चित्रित करतं, त्यावर गाणं लावतं, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गटांत फिरतो. पूर्वी हसू वर्गापुरतं असायचं, आता ते तिच्या गावापर्यंत जातं. अशा वेळी गप्प राहणं हा भित्रेपणा म्हणायचा की हिशोबी शहाणपण?

आणि भाषेचं काय? 'न' आणि 'ण' वरून कोण कुणाला हसतं, कुणाची बोली 'शुद्ध' आणि कुणाची 'गावठी', याला जात आहे, वर्ग आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजीत सेमिनार द्यायला उभी राहते तेव्हा तिच्या भीतीला आणखी एक पदर असतो. परकी भाषा शिकतानाची भीती ही वेगळीच चीज आहे, असं म्हणून टेक्सासमधल्या संशोधकांनी १९८६ मध्ये ती मोजायची स्वतंत्र पट्टी केली. आपण मात्र दोन्ही भीत्या एकत्र करून मुलीला 'ढ' ठरवतो.

उलटं उदाहरणही आपल्याच मातीत आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून त्यांच्या तोंडून इतिहास लिहून घेतला. त्यातल्या कितीजणींना शिक्षण धड मिळालं नव्हतं. तरी त्या वस्तीवस्तीत सभा घेत होत्या, बोलत होत्या, आणि १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला दलित स्त्रियांची मोठी परिषद भरली. वक्तृत्वाचा वर्ग त्यांना कुणी लावला होता? सभा त्यांची होती, ऐकणाऱ्या त्यांच्या होत्या, आणि सांगायचं होतं ते जिव्हाळ्याचं होतं.

मग आपण करायचं काय? माझ्या कॉलेजात चुकतमाकत जे केलं, ते सांगते.

पहिलं म्हणजे पायऱ्या. एकदम माइक हातात देऊ नका. आधी दोघीदोघींनी एकमेकींना सांगायचं, मग चौघींत, मग गोलात बसून, मग उभं राहून. गॉर्डन पॉलने जे मनातल्या मनात करून घेतलं, ते आपण सतरंजीवर करू शकतो.

दुसरं म्हणजे ऐकण्याची तालीम. आपण बोलणाऱ्यांना शिकवतो, ऐकणाऱ्यांना कोण शिकवणार? आमच्या गटात दर वेळी दोघी ठरलेल्या 'ऐकणारणी' असतात. त्यांनी समोर बसायचं, बोलणारीकडे पाहायचं, मान हलवायची. बोलणारीला माहीत असतं, की नजर अडखळली की यांच्याकडे वळायचं. सुरुवातीला सगळ्याजणी या गोष्टीला हसल्या. आता ते काम मागून घेतात.

तिसरं, हसायचं नाही, शब्द दुरुस्त करायचे नाहीत, मोबाइल पिशवीत. मुलगी पाण्याबद्दल काय सांगते ते आधी ऐकायचं. तिचा 'न' नंतर, आणि तिने विचारलं तरच.

चौथं, भीतीबद्दलची माहिती मुलींना द्या. बोलणारीला वाटतं, की माझी धडधड सगळ्यांना दिसते आहे. प्रत्यक्षात ती फार कमी दिसते. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं. ज्यांना भाषणाआधी 'तुमची भीती तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही' एवढंच समजावून सांगितलं, त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. 'घाबरू नकोस' म्हणण्यापेक्षा 'घाबर, पण ते आम्हाला दिसत नाही,' असं म्हणा. खूप फरक पडतो.

पाचवं, आयांना बोलवा. नोकरी करणाऱ्या आईचा इटलीतला निष्कर्ष मला अनेक दिवस पुरला. आपल्याकडे बचत गटात हिशोब मांडणारी, पंचायतीत निवडून आलेली आई असते, पण तिला बोलताना मुलीने कधी पाहिलेलंच नसतं. वर्षातून एक सभा अशी घ्या, की आई बोलेल आणि मुलगी ऐकेल. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूदही कायद्यात आहे. ती कित्येकदा कागदावरच उरकतात, हे आपण जाणतो. पण तिच्यामागचा विचार आपण आज बोलतो आहोत तोच आहे. आधी आपली सभा, तिथे आवाज मोकळा होईल, मग सगळ्यांची.

आणि एक इशारा. प्रत्येक मुलीने वक्ता झालंच पाहिजे असा नवा जाच निर्माण करू नका. कुणी लिहील, कुणी चित्र काढील, कुणी शेजारी बसून साथ देईल. काहींची भीती इतकी तीव्र असते, की झोप उडते, परीक्षा बुडतात. त्यांना समुपदेशकाकडे न्यायला लाजू नका. मी सभा बदला म्हणते आहे, म्हणून मुलीला आज लागणारी मदत नाकारू नका.

शेवटी थोडं आपल्या स्वतःबद्दल. आपल्या बैठकांत माइक किती वेळ कुणाकडे असतो? सकाळपासून मी पाहते आहे. त्याच चौघीपाचजणी बोलल्या, आणि मी त्यांच्यातली एक! अनुभव जास्त, आवाज मोठा, वेळेचं भान कमी. आपण पुरुषांना म्हणतो, की तुम्ही सभा बळकावता. आपल्यातल्या नव्या, खेड्यातून आलेल्या, पहिल्यांदा घर सोडून आलेल्या मुलीला आपण काय वेगळं देतो?

२०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा देशांतल्या ३५ संस्थांमध्ये झालेल्या सुमारे अडीचशे व्याख्यानांत बसून संशोधकांनी मोजलं, की व्याख्यानानंतर प्रश्न कोण विचारतं. पुरुषांनी प्रश्न विचारण्याची शक्यता बायकांच्या अडीच पटीहून जास्त निघाली. त्या सगळ्या शिकल्यासवरल्या, विद्यापीठांतल्या बायका होत्या. पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, की पुढेही बायकांचे प्रश्न कमी यायचे. पहिला प्रश्न कोण विचारतं, यावर सभेचा सूर ठरतो.

इथे तर आपण सगळ्या बायकाच आहोत. तरी हा नियम आपल्यालाही लागू करू. आता प्रश्नांची वेळ आहे. सकाळपासून ज्या बोलल्या, त्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं, माझ्यासकट. मागे खांबाजवळ बसलेल्या ज्या मुलींनी अजून तोंड उघडलेलं नाही, त्यांच्यातल्या कुणाला पहिला प्रश्न विचारायचा आहे? उभं राहायची गरज नाही, बसूनच विचार. प्रश्न नसेल तर मी कुठे चुकले ते सांग. आवाज बारीक असला तरी चालेल, आम्हीच जवळ येऊन बसतो.